आई, समताला ओवाळलं कुणी ते ऐका

आई, परवा समता एक वर्षाची झाली. तिला ओवाळलं कुणी, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण सरळ शेवट सांगून टाकला तर तुम्ही "मगे?" म्हणाल आणि भाजी निवडायला घ्याल. तुम्हाला गोष्ट पहिल्यापासून लागायची. मालिकेचा एक भाग चुकला तर तुम्ही पुढचा लावूच द्यायचा नाहीत. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्ही मध्येच बोलणार नाही, हा माझा फायदा. या घरात हा फायदा मला पहिल्यांदाच मिळतोय, आणि तो मला नकोय.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. "आईवर काहीतरी लिही, घरात लिहिणारी तूच," असं संदेश म्हणाला. त्याच्या मनात तुमचं गाव होतं, परळची चाळ होती, गिरणी बंद पडल्यावर तुम्ही ओढलेला संसार होता. ते त्याने लिहावं, तो तुमचा मुलगा आहे. मी तुमची सून. माझ्याकडे तुमचं एकच वर्ष आहे, समताचं पहिलं. त्याआधीची चार वर्षं आपण एका घरात राहिलो, पण पाहुण्यांसारख्या, एकमेकींना जपून. मी बौद्ध घरातली, घाटकोपरच्या वस्तीत वाढलेली. तुमच्या घरात मी आले तेव्हा माझ्या जातीवरून तुम्ही एक शब्द काढला नाहीत, आणि थोरली गप्प आहे म्हटल्यावर तुमच्या धाकट्या जावेला, भांडुपच्या काकींनाही काढता आला नाही. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. तो माझा हक्कच आहे, त्याचे आभार कसले, असं मला वाटायचं. हक्क आहेच. तरी आज मानते.

तुम्हाला माहीतच आहे, माझे बाबा छापखान्यात कामाला होते. सभा, संप, पाण्याचा मोर्चा, सगळ्यांची पत्रकं तिथे छापली जायची आणि बिघडलेली छपाई बाबा घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले, पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. 'जाहीर आवाहन' हे मला वाचता आलेले पहिले शब्द. अशा घरात वाढलेल्या मुलीला कुठलीच गोष्ट हळू आवाजात सांगता येत नाही. समताच्या बारशाला ते तुम्ही अनुभवलंत.

त्या दिवशी आपला हॉल बायकांनी भरला होता. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. समताचं अंगडं तुम्ही शिवलं होतं, टोपरं तुम्ही शिवलं होतं, घुगऱ्यांचं पातेलं पहाटेपासून तुमच्याच हाताखाली होतं. आणि तिला पाळण्यात घालायची वेळ आली तशा तुम्ही भिंतीच्या कडेकडेने सरकत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिलात. सासरे गेल्यापासून कुठल्याही शुभकार्यात तुम्ही अशाच मागे जाऊन उभ्या राहायचात, हे मी पाहत आले होते. पण या मुलीला जन्मल्या दिवसापासून तुमचे हात लागत होते. मला ते सहन झालं नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "समताला पाळण्यात आई घालतील. नवरा गेला म्हणून कुठली बाई या घरात मागे उभी राहणार नाही."

भांडुपच्या काकी पंख्याकडे बघायला लागल्या. तुम्ही दारातूनच म्हणालात, "प्रज्ञा, माझ्या नातीचां बारसां आसा, तुझो मोर्चो नाय."

बायका हसल्या. तुम्ही आत गेलात. समताला काकींनी पाळण्यात घातलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, आणि मी हातातल्या पेढ्याचा चुरा करत उभी राहिले. कोपऱ्यात बाबा घुगऱ्या खात बसले होते. जवळून जाताना म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तुझा. घुगऱ्या खा, मस्त झाल्यात."

मुद्दा बरोबर होता, आई. आजही आहे. मुलीला नऊ महिने मी पोटात ठेवलं आणि त्यानंतर तुम्ही खांद्यावर. तिला पाळण्यात ठेवायला तुमचे हात अशुभ आणि तिचे लंगोट धुवायला शुभ, असा हिशोब जो समाज करतो त्याच्याविरुद्ध मी बोलणारच. त्या संध्याकाळी मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. फक्त ताट वाढताना म्हणालात, "समता. नाव बरां आसा. पतपेढीचां वाटता, पण बरां आसा." मी फुगलेल्या तोंडाने हसले आणि आपलं भांडण त्या दिवसापुरतं मिटलं.

भांडणं चालू राहिली आणि मूल वाढत राहिलं. मोरीत पाटावर बसून तुम्ही पाय लांब करायचात, समताला पायांवर पालथी घ्यायचात आणि तिच्या पाठीवर तेल चोळत गावाकडच्या बायकांची उणीदुणी तिला सांगायचात. ती हुंकार द्यायची. "बघ, तेका समाजता," तुम्ही म्हणायचात. आंघोळ झाली की ओवा आणि वेखंडाची धुरी. धुरीवरून मी तुम्हाला फुप्फुसं या विषयावर अख्खं व्याख्यान दिलं. तुम्ही तिचे केस पुसत पूर्ण ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशीपासून धुरी बंद. मी पुढच्या मुद्द्यांची तयारी करून बसले होते, ती वाया गेली. "लहान पोराच्या छातीक बरा नाय म्हणतंस, तर नको," एवढंच बोललात. काजळही डोळ्यांतून गेलं. ते तळपायावर गेलं, मोज्याच्या आत, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं होतं, आई. मोजे मीही काढायचे. मी बोलले नाही. माझ्यासारखीने न बोलणं म्हणजे काय, हे तुम्हालाच कळलं असतं, म्हणून आज सांगतेय.

ती पालथी पडली तेव्हा मी घरात होते, पण डोळे मोबाइलमध्ये. "गो, बघ, बघ," तुम्ही ओरडलात. मी वर बघेपर्यंत ती पडून झाली होती आणि आपलं नाक सतरंजीत का घुसलंय म्हणून रडत होती. तुम्ही तिला उचललं नाहीत. परत उताणी केलीत आणि म्हणालात, "बायो, आवशीन बघूक नाय. परत कर." आणि तिने केलं. मी पाहावं म्हणून तुम्ही तिच्याकडून दुसऱ्यांदा करून घेतलंत. पुढे पहिला दात आला तो तुमच्या बोटाला लागला, आणि दिवसभर तुम्ही ते बोट वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवलंत.

सहा महिन्यांनी माझी रजा संपली. पवईच्या ऑफिसात पुन्हा जायला लागले. संध्याकाळी घरी येऊन घरकामगार बायकांच्या मंडळासाठी पत्रक लिहायला बसायचे. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, पगारी रजा. समताला खांद्यावर थोपटत तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहायचात आणि पडद्यावरचं वाचायचात. एकदा सगळं वाचून झाल्यावर म्हणालात, "चांगला लिवलंस. माका पगारी रजा कधी?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. थोपटत उभ्या राहिलात, उत्तराची वाट बघत.

रविवार तुमचा, असं त्यानंतर ठरलं. संदेश आणि मी समताला सांभाळायचं आणि तुम्ही समोरच्या नलूकाकींकडे जाऊन बसायचं. नलूकाकी म्हणजे तुमची मैत्रीण, त्यांचेही मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्या रविवारी तुम्ही जेवणाच्या आत परत आलात. "चेडू रडता काय बघूक इलंय." समता खिदळत होती. तुमचं तोंड पडलं. मग तुम्ही तिला घेतलंत, ती थोडी कुरकुरली, आणि तुमच्या चेहऱ्यावर समाधान आलं. आई, त्या वर्षात मी जे काही लिहिलं, ज्या सभांना गेले, जिथे टाळ्या घेतल्या, ते सगळं तुमच्या एका खांद्यावर उभं होतं. हे मी सभेत कधी म्हटलं नाही. इथे म्हणते.

उष्टावण आपण डिसेंबरात केलं. बाळाला पहिला घास मामाने भरवायचा म्हणून माझा भाऊ घाटकोपरहून चांदीची वाटी घेऊन आला. काकी होत्या, नलूकाकी दाराशी होत्या. तुम्ही खीर करून दिलीत आणि पुन्हा त्याच दारात जाऊन उभ्या राहिलात. या वेळी मी नुसती तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही माझ्याकडे बघणं टाळलंत. भावाने घाबरत घाबरत चमचा पुढे केला. समताने आ केला, चमचा तोंडात घेतला, ओठ मिटले, गिळलं आणि पुन्हा आ केला. एक थेंब बाहेर नाही. सगळे चकित. भाऊ महिनाभर सांगत फिरत होता की भाचीने पहिल्याच घासाला कसं सराईतासारखं खाल्लं, मामाचा हातच तसा आहे. दारात तुम्ही पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, तुम्हाला भरून आलंय.

मग बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने. दागिने नलूकाकींनी ओवले होते. सोसायटीतली पोरं जमली. समताच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले आणि पोरं त्यावर तुटून पडली. ओवाळलं काकींनी. तुम्ही दारात. पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले आणि मला राहवलं नाही. दरवाजा सताड उघडा होता, पोरं पॅसेजमध्ये अजून बोरं वेचत होती, नलूकाकी त्यांच्या मागे केरसुणी घेऊन होत्या. मला भान नव्हतं.

"आई, तुम्ही किती दिवस असं करणार? पाळण्यात घालताना मागे. उष्टावणाला मागे. आज मागे. माझ्या मुलीच्या आयुष्यातली प्रत्येक पहिली गोष्ट दुसरं कुणीतरी येऊन करून जातं आणि तुम्ही कपाटासारख्या दाराला लागून उभ्या."

तुम्ही कढई घासत होतात. घासता घासताच म्हणालात, "तुका काय वाटता, पयलो घास मामान भरवल्यान?"

तुम्ही कढई उलटी केलीत.

"तुझो भाव येवच्या आधीच मी तेका पेज चाटवलंय. तेव्हाच चेडू आ करूक शिकला. तो बापडो म्हणता, माझो हात."

"आणि पाळण्यात?"

"हॉस्पिटलातसून इल्यात त्या दिवशीच. तू न्हाणयेत होतंस. पाळणो रिकामो, चेडू माझ्या हातात. मगे काय करतलंय? ठेवलंय." तुम्ही कढई विसळलीत. "आणि नाव पण मीच पयला सांगलंय तेच्या कानात. तुम्ही दोघा जाणा समता काय मैत्री, समता काय मैत्री करी होतात. मी सांगलंय, बाय, तुझां नाव समता. ह्यांचा काय खरा नाय."

मी ओट्याला टेकून हसत सुटले. तुम्हीही हसलात. उष्टावणाच्या दिवशी पदराआड काय होतं ते मला तेव्हा कळलं. माझ्या पोरीची प्रत्येक पहिली गोष्ट तुम्ही आधीच करून टाकली होती आणि मग सगळ्यांना आपापला मान घेऊ दिला होता. मला वाटत होतं, तुम्हाला वंचित ठेवलंय. तुम्ही मात्र आमच्याच नाटकाच्या पहिल्या रांगेत बसून मजा बघत होतात.

पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. हसू ओसरलं आणि मी पुन्हा मुद्द्यावर आले. "म्हणजे तुमच्या हाताने काही अशुभ होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माझ्या हातान तेचा काय वायट होतला? माझ्याच हातान तेचा सगळा चलता."

"मग चारचौघांत का नाही?"

"माझां झालां करून. चारचौघांत कित्याक होया?"

"कारण चोरून घेतलेला हक्क हा हक्क नसतो, आई."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "चोरून? माझ्याच घरात?"

मी आवाज वाढवला. म्हटलं, तुम्ही एकट्या नाही आहात. तुमच्यासारख्या कितीतरी बायका आहेत. तुम्ही एकदा पुढे आलात तर त्यांनाही येता येईल. तुम्ही स्वतःपुरतं भागवलंत आणि त्यांना मागेच ठेवलंत. हे मी तुम्हाला म्हणाले. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःपुरतं असं काही पाहिलं नाही, तिला.

तुम्ही हात पुसले आणि खाली बसलात. मग भांडुपच्या काकींच्या मुलाच्या हळदीची गोष्ट सांगितलीत, जी मला संदेशनेही कधी सांगितली नव्हती. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. ज्या पुतण्याला तुम्ही परळच्या चाळीत अंगाखांद्यावर वाढवलं, त्याला हळद लावायला तुम्ही सवयीने हात पुढे केलात. मागून कुणीतरी म्हणालं, वहिनी, जरा बाजूला व्हा. कोण म्हणालं ते तुम्ही सांगितलं नाहीत. वाईट आवाजात नाही, अगदी मऊ आवाजात म्हणालं, एवढंच सांगितलंत. बोटांना लागलेली हळद तुम्ही घरी येऊन नळाखाली धुतलीत.

"त्या दिवसापासून मी ठरवलंय," तुम्ही म्हणालात. "कोणी बाजूक हो म्हणूच्या आधी मी बाजूक होतंय. म्हणजे कोणाक म्हणूचां कामच पडणा नाय."

मला वाटायचं, तुम्ही रूढीला घाबरता. तुम्ही तर मान राखत होतात, स्वतःचा. ज्या जागेवरून कुणी हलवेल त्या जागेवर उभंच राहायचं नाही, हा तुमचा निग्रह होता आणि तो माझ्या कुठल्याही घोषणेपेक्षा कडक होता. पण मला तेव्हा हे शब्दांत मांडता आलं नाही. मी म्हणाले, "यापुढे कुणी म्हणालं तर मी आहे ना." तुम्ही म्हणालात, "तू आसंस म्हणान तर भीती वाटता." आणि उठून चहा टाकलात.

तो वाद तिथेच राहिला. मला तो पुढे न्यायचा होता. वाढदिवस जूनमध्ये होता, मला वाटलं होतं तोपर्यंत मी तुम्हाला तयार करेन. थोडं थोडं बोलत होते. तुम्ही नाही म्हणत होतात, पण ते 'नाही' आधीपेक्षा सौम्य होतं. एकदा तर "बघूया" म्हणालात. त्या एका शब्दावर मी किती इमले बांधले, काय सांगू.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी समताची आंघोळ आटोपून, तिला झोपवून तुम्ही खुर्चीत टेकलात. संदेश चहा घेऊन आला तेव्हा तुम्ही गेला होतात. तुमच्या हातांना अजून तेलाचा वास होता.

दुसऱ्या दिवसापासून समताने माझ्या हातून आंघोळ करायला नकार दिला. मी पाटावर बसले की ती कडक व्हायची, रडून लाल व्हायची. मीही रडायचे. पॅसेज ओलांडून आवाज जात असणार. तिसऱ्या की चौथ्या दिवशी नलूकाकी सरळ मोरीत आल्या, मला उठवलं, साडी खोचली आणि पाटावर बसल्या. "पाणी किती कोमट घेतलंयस गं. हिला सवय कढत पाण्याची, तुझ्या सासूने लावलेली." समता त्यांच्या पायांवर पडली, थोडा वेळ हुंदके दिले आणि मग हुंकार द्यायला लागली. कारण नलूकाकीही तिला उणीदुणी सांगत होत्या. सातारच्या बायकांची. तेव्हापासून रोज सकाळी त्या येतात. मी कधी बोलावलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

आता परवाचं.

वर्षाच्या आत घरात शुभकार्य नको, असं भांडुपच्या काकींचं म्हणणं होतं. मी म्हटलं, वाढदिवस करत नाही, मुलगी वर्षाची झाली ते थांबवू शकत नाही. संदेशने मध्यम मार्ग काढला. केक नको, फुगे नकोत, घरचे जमूया, खीर करूया. सगळे आले. बाबा आले, भाऊ आला. काकी आल्या आणि तुमच्या फोटोसमोर बराच वेळ बसल्या. मग डोळे पुसून उठल्या आणि म्हणाल्या, "पोर कोरी कशी ठेवायची? नुसती ओवाळू. वहिनींना आवडलं असतं." त्यांनीच तबक केलं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, कुंकू. मी समताला मांडीवर घेऊन पाटावर बसले. खरं सांगते आई, माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. ज्यांच्यासाठी भांडायचं त्याच नव्हत्या. स्वयंपाकघराचं दार रिकामं होतं आणि मला तिकडे बघवत नव्हतं.

नलूकाकी शिऱ्याचा डबा घेऊन आल्या होत्या. चपला काढून नेहमीसारख्या बाहेरच्या दाराशी उभ्या. काकींनी तबक उचललं, तेवढ्यात नलूकाकी म्हणाल्या, "मी ओवाळू हिला?"

भांडुपच्या काकी म्हणाल्या, "नलू, तुझं आपलं काहीतरीच."

"काहीतरीच काय? हिची सासू नाही म्हणायची. ऐकू यायचं ना मला सगळं, ही काय हळू भांडते? वर्षभर ही बाई तिला म्हणतेय पुढे या, पुढे या. ती नाही म्हणाली. बरं. तिची मर्जी." शिऱ्याचा डबा त्यांनी चपलांच्या स्टँडवर ठेवला. "मला कुणी विचारलंच नाही."

मी तोंड उघडलं. समोर बाबा बसले होते. त्यांनी फक्त मान हलवली, नाही म्हणून. मी तोंड मिटलं.

नलूकाकी काकींना म्हणाल्या, "रोज न्हाऊ घालते, ते चालतं ना? मग?"

भांडुपच्या काकी तबक हातात धरून उभ्या होत्या. ज्योत हलत होती. त्या तुमच्या फोटोकडे बघत होत्या आणि मला खात्री आहे, त्यांना तो हळदीचा दिवस दिसत होता. त्या दिवशी मऊ आवाजात कोण बोललं ते मला माहीत नाही आणि आता मी ते शोधणारही नाही. पण त्यांनी तबक नलूकाकींच्या हातात दिलं. दिलं आणि लगेच दटावलं, "आधी कुंकू, मग अक्षता. उलटसुलट करशील. सवय गेली असेल तुझी."

"गेली कशाला, विसरतंय का कुणी," नलूकाकी म्हणाल्या.

त्यांनी समताला कुंकू लावलं. थोडं नाकावर सांडलं. अक्षता टाकल्या. अंगठी आणि सुपारी फिरवली, सुपारी समताने हिसकावून तोंडात घातली, संदेशने बोट घालून काढली, तर ती त्याला नवे दात लावून चावली. निरांजन फिरवताना नलूकाकींचा पदर सारखा खांद्यावरून घसरत होता, आणि तो सावरायला पुढे आल्या त्या भांडुपच्या काकी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आई, मला तुम्हाला पुढे आणायचं होतं आणि ते जमलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत तुमच्या जागेवर उभ्या राहिलात आणि ती जागा तुम्ही स्वतः निवडलेली होती, हे मी आता मान्य करते. पण त्या स्वयंपाकघरात आपण दोघींनी घातलेले वाद, तुमचा प्रत्येक नकार, माझं प्रत्येक भाषण, समोरच्या दारात एक बाई वर्षभर ऐकत होती आणि स्वतःशी उत्तर ठरवत होती. मी एकटीच बोलत राहिले असते तर ते कुणी ऐकलं नसतं. तुम्ही मला दरवेळी उत्तर दिलंत, भांडायच्या लायकीची मला समजलात, म्हणून ते ऐकण्यासारखं झालं. यासाठी मी तुमची ऋणी आहे, बाकी सगळ्यापेक्षा जास्त.

ओवाळून झालं तरी नलूकाकींनी तबक खाली ठेवलं नाही. त्या तशाच तुमच्या फोटोसमोर गेल्या. मला वाटलं, हात जोडतील. त्यांनी एका हाताने तबक कमरेला धरलं, दुसऱ्या हाताने फोटोच्या काचेवरची धूळ पुसली आणि तुमच्यावर रागावल्यासारख्या म्हणाल्या, "तूही यायचंस की गं पुढे."